मिठाळ रान

नाभिराजअण्णांच्या बांधाला लागून
माझं सव्वा एकर, दिग्रजच्या खालच्या अंगाला.
आधी ऊस गुडघ्याला आला की पिवळा पडायचा,
आता तेवढाही येत नाही.
चैत्रात पापुद्रे सुटतात, पांढरे.
बोट लावून जिभेवर ठेवलं
की सुआ आठवतं.

सुआ म्हणजे मीठ, तिथल्या जुन्या माणसांच्या बोलीत.
ओनालेन्नानं सांगितलं होतं, बोअरच्या गाडीत शेजारी बसून,
सहा वर्षं मी बोत्सवानात भोकं पाडत होतो तेव्हा.
एवढं मीठ, की अख्खा सांगली जिल्हा मावला असता
आणि वर थोडा सातारा.
मधेच खडकाचं बेट, बेटावर गोरखचिंचा,
खोडांना हत्तींनी दिलेल्या ढुसण्यांचे वण.
'मोवाना,' तो म्हणायचा.
मी म्हणायचो गोरखचिंच, आणि सांगत बसायचो
गोरखनाथ कोण ते,
ज्या झाडाला गोरखनाथ माहीतच नाही त्याच्याखाली.

मुंगसाच्या जातीची ती पोरं, मीरकॅट,
उंचवटा नसला की माझ्या टोपीवर चढायची ससाणा बघायला.
तपकिरी तरस रात्री येऊन ग्रीसचा डबा चाटून जायचं.
झेब्र्यांच्या वाटा दिसायच्या, झेब्रे नाहीत,
ते पाण्यामागं गेलेले.

मग कधीतरी पाणी यायचं, घोट्याएवढं.
धुळीत किती वर्षं पडलेली कोळंबीची अंडी,
राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक,
त्याच रात्री जागी व्हायची.
आणि रोहित. किती, ते विचारू नका.
चिखलाची उपडी मडकी रचून
एकेका मडक्यावर एकेक अंडं.

पाणी मात्र थांबायचं नाही.
पिलं निघायची चालत, मागं सरणाऱ्या पाण्याच्या मागं,
आणि पायात मीठ साचायचं. आधी वाळ्याएवढं,
मग तोड्याएवढं.
काही चालत राहायची.
काहींना आम्ही कुदळीच्या दांड्यानं तोडे फोडून दिले,
ओनालेन्ना म्हणाला, याचा काही उपयोग नाही,
आणि स्वतःही फोडत बसला.

रानाचा फोटो पाठवला त्याला परवा.
उत्तर आलं: जाताना मीठ चोरून नेलंस काय?
काय सांगू. कुणी आणलं नाही रे,
आम्हीच पाणी पाजून पाजून खालचं वर काढलं.
मातीचा कागद आलाय, सामू नऊ.
तिथं पाणी हुडकायला भोकं पाडली,
इथं पाणी घालवायला
भोकांचे पाइप पुरायचेत, चार फूट खोल.

दऱ्याप्पा पोकलेन घेऊन आला, जतचा पोरगा.
बादली खाली घेतली आणि टिटवी किंचाळत
थेट काचेवर आली.
चराच्या आखणीवर, चुन्याच्या रेघेवरच,
ढेकळांच्या रंगाची चार अंडी.
'उचलून पलीकडं ठेवू की,' दऱ्याप्पा.
'आणि तिला कोण सांगणार कुठं ठेवलीत ते?'
'तासाला अकराशे हायत, काका.'
अण्णा बांधावरून म्हणाले,
'माझ्याकडनं सुरू कर. तिच्यापाशी येईस्तोवर
बघू काय होतंय.'

पाइपाला उतार लागतो, रेघ वाकवता येत नाही.
तरी दऱ्याप्पानं उलटीकडनं धरली,
दोनदा डिझेल आणायला गेला आणि मुद्दाम उशिरा आला,
हे मला नंतर कळलं.
दुपारी टिटवी पोट भिजवून यायची नदीवरून
आणि ओलं पोट अंड्यांवर टेकायची.
आम्ही तिकडं पाठ करून भाकरी खायचो.

अठराव्या दिवशी सकाळी कवचं तेवढी होती.
पिलं लव्हाळ्याच्या कडेला, पळती बोंडं.
एक माझ्या पायाशी थिजून बसलं, मातीच झालं.
मी वाकलो.
टिटवी डोक्यावर घिरट्या घालून मला काय काय बोलत होती.
मी आधी त्याचे पाय बघितले.

चिकटली होती,
पण माती.